कन्नडचा घाट उतरतांना

छत्रपती संभाजीनगराहून चाळीसगांवाकडे मोटारीनें निघालेल्या कुटुंबास कन्नडचा घाट चुकत नाहीं. वेरूळ मागें टाकून पुढें गेलें कीं कन्नड लागतें. तेथून थोड्याच अंतरावर डोंगराची कड एकाएकीं तुटते आणि रस्ता वळणें घेत खानदेशांत उतरतो. १८२५ सालीं भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम याच्या नांवावरून यास औट्रम घाट असेंही म्हणतात.

आमच्या मतें चढापेक्षां उतार अधिक अवघड. चढतांना गाडी फार तर दमते. उतरतांना ती आपल्याच भारानें धांवूं लागते. ब्रेकवर सतत पाय ठेवला म्हणजे घर्षणानें तो तापतो आणि नेमक्या वळणावर त्याची पकड सुटते. म्हणून ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग इंजिनच वेग आवरून धरतें. पेट्रोल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें सोडून देण्याची युक्ति कित्येक शहाण्या गृहस्थांना सुचते! चार पैशांसाठीं घरचीं सात माणसें पणाला लावण्यास काटकसर म्हणावें काय, हें त्यांनींच ठरवावें.

अरुंद जागीं उतरणाऱ्यानें थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा आपल्याकडे नियम आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलविणें कठीण जातें. मुलासुनेकडे स्वित्झर्लंडास जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्या डोंगरी रस्त्यांवर टपालाच्या पिवळ्या शिंगाची पाटी असते, तेथें टपाल-मोटारीचा चालक सांगेल तसें मागेंपुढें सरावें लागतें.

पावसाळ्यांत मात्र हा घाट निराळाच होतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें येथें दरडी कोसळल्या, वाहनें अडकलीं व रस्ता बंद पडला. संततधार लागली असतां रात्रीं घाटांत शिरूं नये. कन्नडास मुक्काम करावा, पाहुणे तिकडे एक दिवस वाट पाहतील. धुक्यांत प्रखर दिवे लावल्यास प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो; दिवे खालींच ठेवावे. ज्यांना वळणांनीं मळमळतें त्यांस पुढें बसवावें, आणि निघण्यापूर्वीं श्रीखंडपुरीचा आग्रह करूं नये. आलेपाक जवळ असूं द्यावा.

खालीं उतरल्यावर सवड असल्यास पाटणादेवीस जावें. तेथें सांपडलेल्या शिलालेखांत, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. दर्शन होईपर्यंत गाडीचे ब्रेकही निवतात.