ब्लोअरमधले बिऱ्हाड

तेरीज जुळत नसेल आणि फरक अवघ्या नऊ रुपयांचा असेल, तरी जुन्या पेढ्यांवरचे मुनीम रात्री दिवा लावून बसत. नऊ रुपये सोसण्याची ऐपत पेढीला नव्हती असे नव्हे. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कोठेतरी ५४ च्या जागी ४५ असे आकडे उलटे पडले असण्याचा संभव मोठा, हे त्यांना ठाऊक असे. आणि उलटा पडलेला आकडा सापडल्याखेरीज वही मिटणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे बँकेत मीही तेच शिकलो. फरक सस्पेन्स खाती टाकता येतो, परंतु तो तेथे मुक्कामाला राहिला की त्याची पिल्ले होतात.

ही पिल्लांची उपमा माझ्यासमोर एके दिवशी शब्दशः उभी राहील, अशी मात्र कल्पना नव्हती. निमित्त झाले भाच्याच्या जुन्या पिकअप गाडीचे. भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात भारतीय किराण्याचे दुकान चालवतो. तूरडाळ, पोहे, पापड, गूळ असा माल शिकागोच्या घाऊक बाजारातून तो स्वतः आणतो. त्यासाठी ठेवलेली पिकअप पंचवीस वर्षांहून जुनी. तरी इंजिन ठणठणीत. तक्रार एकच होती. तिच्या हीटरचा ब्लोअर, म्हणजे गरम हवा आत फेकणारा पंखा, पहिल्या तीन गतींवर चालेनासा झाला होता. चालायचा तो केवळ चौथ्या, सर्वांत जलद गतीवर.

आपल्याकडील वाचकांना हीटर ही चैन वाटेल. थंड प्रदेशात ती चैन नव्हे. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरवले जाणारे पाणी तापते. त्यातले काही डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीदार रेडिएटरमधून जाते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. उष्णता फुकटची, खर्च फक्त पंख्याच्या विजेचा. ही हवा प्रवाशाच्या पायाशी जाते तशीच समोरच्या काचेवरही जाते, आणि काचेवर साचलेले दव व हिम तिच्यामुळेच हटते. अमेरिकेच्या संघीय वाहन सुरक्षा मानकांत १०३ क्रमांकाचे मानक केवळ एवढ्याच कामासाठी, समोरची काच स्वच्छ होण्यासाठी, लिहिलेले आहे. ऑक्टोबरच्या पहाटे तेथे काचेवर पांढरा थर धरतो. तशा काचेतून वाहन हाकणे म्हणजे डोळे झाकून हाकणे.

"मामा, मागच्या वर्षभरात गॅरेजवाल्याने दोनदा रेझिस्टर बदलला," भाचा म्हणाला. "दोन्ही वेळा दीड-दोन महिने चालला आणि पुन्हा तेच. उन्हाळ्यात गरज नव्हती म्हणून मग तसाच सोडला. आता दिवाळीचा माल आणायचा आहे."

एकच दुरुस्ती दोनदा होऊन तिसऱ्यांदा फरक उभा राहतो, तेव्हा चूक त्या नोंदीत नसते. ती दुसऱ्याच पानावर असते. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात गाड्यांच्या दुरुस्तीची मॉडेलवार पुस्तके मिळतात. त्या गाडीचे पुस्तक आणून मी दोन संध्याकाळ वाचले. रचना आपल्या बाजारपेठेसारखीच निघाली. बॅटरीचा माल मोटरपर्यंत जातो तो दलालांमार्फत. सर्वांत मंद गतीला तो रेझिस्टरच्या सर्व वेटोळ्यांतून जातो. प्रत्येक वेटोळे आपली आडत कापून घेते आणि मोटरपर्यंत थोडकेच पोहोचते. गती वाढवावी तसा एकेक दलाल गळतो. चौथ्या गतीला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट जाते. म्हणून पंखा चौथीवर चालतो आणि खाली चालत नाही, एवढे कळले तरी अर्धे निदान हाती आले: फ्यूज शाबूत, मोटर शाबूत, परतीची तारही शाबूत, दोष रेझिस्टरमध्ये किंवा त्याला जोडणाऱ्या प्लगमध्ये. याउलट पंखा कोणत्याच गतीवर फिरला नसता, तर प्रथम फ्यूज, मग रिले, मग मोटरपर्यंत बारा व्होल्ट येतात की नाही, असा क्रम धरावा लागला असता. उघडण्याआधी विचारणे स्वस्त पडते.

परंतु रेझिस्टर पुन्हा पुन्हा का जळतो? कापलेली आडत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून तो मुद्दाम पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला असतो. वारा अडला की वेटोळी अतोनात तापतात आणि त्यांच्या रक्षणासाठी ठेवलेली वितळती कडी तुटते. पंख्याची धाव जड झाली, आणि मोटर नेमस्तापेक्षा अधिक वीज ओढू लागली, तरीही परिणाम तोच. म्हणजे शोध घ्यायचा तो रेझिस्टरचा नव्हे, वाऱ्याच्या वाटेचा.

एका रविवारी बॅटरीची ऋण तार सोडवून आम्ही डॅशबोर्डखालचे स्क्रू काढले. रेझिस्टर बाहेर आला तो काळवंडलेला. प्लगचे प्लास्टिकही एका तारेपाशी वितळले होते. रिकाम्या झालेल्या चौकोनातून विजेरीचा झोत आत टाकला. आत जुन्या, काळपट झालेल्या कापसाचा बोळा, बियांची टरफले, कागदी रुमालांचे तुकडे. मागच्या वर्षीचे घरटे ते हेच, आणि वारा अडवणारेही हेच. पण त्याच्या मागे, थेट पंख्याच्या तोंडाशी, ताज्या कापसाचा दुसरा गोळा होता आणि तो हलत होता. अंगावर लव आलेली, डोळे न उघडलेली पाच पिल्ले. तिकडील पांढऱ्या पोटाच्या रानउंदराची, डिअर माऊसची.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, चौथीवर एकदा चालवला तर सगळे बाहेर पडेल." तो निर्दय नाही. किराण्याच्या दुकानदाराला उंदीर म्हणजे काय, हे मी त्याला सांगण्याची गरज नव्हती. आरोग्य निरीक्षकाच्या एका भेटीत दुकानाला टाळे लागू शकते. शिवाय या उंदरांच्या मलमूत्रातून हंटा विषाणूचा धोका असतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात त्याने घेतलेले बळी तेथील लोक विसरलेले नाहीत. शनिवारी पहाटे माल आणायला निघायचे होते. त्याची बाजू पोकळ नव्हती.

मी उपदेश केला नाही. लहानपणी पाठशाळेत दोघांनीही जे पाठ केले होते, तेच त्याच्याबरोबर पुन्हा मोजले: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घर चालवताना, धंदा करताना, स्वतःचे रक्षण करताना जी हिंसा घडते ती श्रावकाने जमेल तितकी कमी करावी. संकल्पी हिंसा मात्र पूर्णपणे सोडावी. विजेरी आत टाकण्यापूर्वी कोणी बटण फिरवले असते, तर ती नकळत घडलेली, पहिल्या प्रकारांतली गोष्ट ठरली असती. विजेरी टाकल्यानंतर बटण तेच, पंखा तोच, आणि हिंसेचा प्रकार मात्र बदलला. दोष शोधून काढण्याचा हा एक तोटा आहे खरा. गॅरेजवाल्याने कारण शोधले नाही, त्यामुळे त्याच्यापुढे हा प्रश्नच आला नाही.

भाच्याने रेझिस्टर जागच्या जागी बसवून चौकोन झाकला. नंतर काही न बोलता ब्लोअरचा फ्यूज उपटून खिशात टाकला. थंडीत सवयीने कोणाचाही हात बटणाकडे जाऊ नये म्हणून. गाडी घरामागच्या अंगणात उभी केली आणि शिकागोच्या दोन खेपांसाठी भाड्याची व्हॅन ठरवली. या जातीच्या पिल्लांचे डोळे साधारण दोन आठवड्यांत उघडतात आणि तीन-चार आठवड्यांत ती दूध सोडतात. त्या हिशेबाने आम्ही सोळा दिवस थांबलो. चातुर्मास अजून संपायचा होता, असे भाचेसून हसत म्हणाली. आम्ही दोघे हसलो नाही, पण मनात तेच होते.

सतराव्या दिवशी बॉनेट उघडून डॅशबोर्डवर हलकेच थापा मारल्या. काचेखालच्या जाळीतून एकामागून एक चार-पाच आकृत्या निसटल्या आणि गवतात दिसेनाशा झाल्या. अर्धा तास थांबून पुन्हा विजेरी टाकली, तेव्हा घरटे रिकामे होते. हातमोजे व मुखपट्टी घालून, सर्व घाण जंतुनाशकाने चिंब भिजवून मगच ती उचलली. कोरडी झाडू नये, व्हॅक्यूमनेही ओढू नये, हे येथे मुद्दाम लिहितो. धोका त्या धुळीतच असतो. मोटर बाहेर काढून पंखा हाताने फिरवला, तो अडखळल्याविना फिरला. नवा रेझिस्टर आणि त्याबरोबर नवा प्लगही बसवला. जळक्या प्लगमध्ये नवा रेझिस्टर खुपसणे हे आधीच्या दोन दुरुस्त्यांतले दुसरे दुर्लक्ष होते. सैल जोड स्वतःच तापतो आणि नव्या भागालाही जाळतो. शेवटी, समोरच्या काचेखाली बाहेरची हवा आत घेणारी जी फट असते, तिच्यावर बारीक तारेची जाळी ठोकली. पेन्सिलीएवढे छिद्रही उंदराला पुरते, तेव्हा जाळी पाव इंचाहून मोठ्या घरांची नसावी. चारही गती त्या संध्याकाळी चालल्या, आणि पुढे हिवाळाभर चालल्याचे भाच्याने फोनवर सांगितले.

धान्याच्या गोदामाशेजारी टेम्पो वा पिकअप महिनोन्महिने उभी ठेवणारी कुटुंबे आपल्यातही पुष्कळ आहेत. आपल्याकडे हिम नाही, पण आषाढात घाटात काचेवर आतून धुके धरते तेव्हा हाच ब्लोअर उपयोगी पडतो. जाळी बसवायला अर्धा तास लागतो, आणि ती बिऱ्हाड येण्यापूर्वीच बसवलेली बरी.

व्हॅनच्या भाड्याची नोंद कोणत्या खाती करावी, हा प्रश्न वर्षअखेरीस भाच्याने मला विचारला. धर्मादाय खाती टाकू का, असे त्याने चाचरत म्हटले. मी त्याला ती वाहन दुरुस्ती खाती टाकायला सांगितली.