ओढ आणि बळ : डोलीच्या जाळ्यापासून युरियाच्या गोणीपर्यंत

१/ अलिबागजवळच्या थळला दोन ओळखी आहेत : एक कोळीवाड्याची, दुसरी १९८५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्याची. कोळ्याचे जाळे आणि युरियाची गोणी या दोन्हींचा इतिहास एकाच क्रियेपाशी येऊन मिळतो. ती क्रिया म्हणजे ताणणे.

२/ रायगडच्या किनाऱ्यावर डोल हे जुने जाळे. नरसाळ्याच्या आकाराचे हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवतात. बोंबील आणि जवळा त्यात वाहत येतात. प्रवाहाचा सारा भार सुतावर पडतो. पूर्वी हे सूत सणाचे किंवा कापसाचे असे. ते खाऱ्या पाण्यात कुजे. म्हणून जाळे सालीच्या काढ्यात बुडवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा सांधायचे. कोळी कुटुंबांचे कितीतरी दिवस यात जात.

३/ हे श्रम ज्या शोधाने संपवले, तो दूर अमेरिकेत लागला. १९३० मध्ये ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून तंतू काढला. थंड झालेला तंतू पुन्हा ओढला, तेव्हा तो लांबला, चकाकला आणि पूर्वीपेक्षा बळकट झाला. १९३५ मध्ये त्याच प्रयोगशाळेत नायलॉन जन्मले.

४/ याचे कारण रचनेत आहे. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. एरवी त्या गुंतवळासारख्या असतात. ओढल्यावर त्या ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि भार साखळीच्या मजबूत बंधांवर येतो.

५/ गोणीचेही तसेच. पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पापुद्रा तयार करतात, त्याच्या अरुंद पट्ट्या कापतात, त्या तापवून सुमारे ५ ते ७ पट ताणतात आणि मग विणतात. असे कच्चे प्लास्टिक याच जिल्ह्यात, नागोठण्याच्या कारखान्यात, बनते.

६/ मात्र हे बळ एकाच दिशेचे असते. प्लास्टिकची सुतळी बोटांत चोळली की उभी चिरते, ती याचमुळे. शिवाय ताणलेली पट्टी तुटण्यापूर्वी फारशी लांबत नाही. गोणीत हा दोष उभ्या-आडव्या विणीने झाकला जातो. बिस्किटाच्या वेष्टनासाठी मात्र पापुद्राच लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे ताणतात.

७/ किती ताणले याइतकेच कसे ताणले हेही महत्त्वाचे. फार थंड असताना घाईने ओढले तर पापुद्रा पांढरा पडतो किंवा फाटतो. फार गरम असेल तर साखळ्या पुन्हा सैल होतात. लांबी वाढते, बळ वाढत नाही.

८/ स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत नायलॉन आणि पॉलिथिलीनचे धागे कोळीवाड्यांत आले. काढ्याची भांडी थंडावली, जाळी हलकी झाली, वर्षानुवर्षे टिकू लागली. हा लाभ खरा होता आणि तो कष्टकऱ्यांच्या घरात पोहोचला.

९/ पण सणाचे जाळे समुद्रात हरवले, तर काही काळाने कुजून जाई. नायलॉनचे जाळे तळाशी पडूनही मासे अडकवत राहते. किनाऱ्यावर आले, तर उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे वाळूत मिसळतात. कुजण्यापासूनची सुटका कोळ्याने मागितली होती आणि ती त्याला मिळाली. ज्या पाण्यावर त्याचे पोट चालते, त्या पाण्यालाही ती मिळाली. त्याने मात्र ती मागितली नव्हती.