४२ मिलिअँपिअर

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. "पप्पांची गाडी परत बंद पडली. सेल्फच लागंना."

मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. तिच्या वाक्यातला 'परत' मला टोचला. कारण आधीची बॅटरी मीच निवडली होती. १४ महिन्यांपूर्वी, तीन तास रिव्ह्यू वाचून, ऑनलाइन मागवून.

गाडी म्हणजे २०१८ ची साधी स्कूटर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी ब्रॅकेटवर एकेक जादा चाक. मोजली तर चाकं चार भरतात, पण आमच्या गल्लीत सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. त्याआधी पप्पांकडे हातानं पॅडल मारायची तीनचाकी सायकल होती, तिचं नाव हिला चिकटलं. आरसीवर 'इनव्हॅलिड कॅरेज' असं लिहिलंय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातला तो शब्द. २०१९ च्या दुरुस्तीत तो जाऊन 'अडॅप्टेड व्हेईकल' आला. आमच्या आरसीवर जुनाच आहे. पप्पांचा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. कॅलिपर लावून, कुबडी घेऊन ते घरात फिरतात. घराबाहेरचे त्यांचे पाय म्हणजे ही गाडी.

इतरांच्या स्कूटरची बॅटरी उतरली तर ते उतरून किक मारतात. पप्पांना किक मारता येत नाही, आणि ब्रॅकेटमुळे किकला पुरती जागाही उरलेली नाही. स्कूटरला गिअर नसतात, त्यामुळे ढकलूनही ती चालू होत नाही. म्हणजे सेल्फ लागला तर पप्पा कुठंही जाऊ शकतात, नाही लागला तर जिथं आहेत तिथंच. त्या मंगळवारी ते कराडच्या तहसील कचेरीबाहेर होते. भर पावसात चहाच्या टपरीवरच्या दोन पोरांनी त्यांना गाडीसकट ढकलत घरी आणलं. आई म्हणाली, "आल्यापास्नं एक शब्द बोलले न्हाईत."

शनिवारी मल्टिमीटर घेऊन कराडला गेलो. बसमध्ये मी ठरवून टाकलं होतं की यावेळी अशी बॅटरी घ्यायची की विषयच संपला पाहिजे. मोबाइलमध्ये तीन पर्यायांचा तक्ता केला. पहिला, आहे तीच: १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर, लेड-ॲसिड, पाणी घालायची गरज नसलेली. दुसरा, ७ अँपिअर-अवरची, जवळपास दुप्पट साठा. तिसरा, लिथियम: वजनाला हलकी, किमतीला जड.

घरी सीट उघडून बॅटरीच्या खणाला टेप लावली आणि तक्त्यातला दुसरा पर्याय गळाला. ७ ची बॅटरी लांबी-रुंदीला साधारण तेवढीच असते, पण उंचीला चार-पाच सेंटिमीटर जास्त. झाकण बसलं नसतं. लिथियमचं गणित वेगळं. तिला आतलं सर्किट सांभाळतं, आणि साठा फार खाली गेला की ते सर्किट बॅटरी सरळ तोडतं. लेड-ॲसिड मरताना कुरकुरते, हेडलाइट मंद होतो, सेल्फ कण्हतो. लिथियम काही न सांगता जाऊ शकते. वर, गाडीचं चार्जिंग तिला मानवतं की नाही हे आधी तपासावं लागतं. पप्पांसाठी कुरकुरणारीच बरी, असं मला वाटलं.

बसस्टँडच्या बाजूच्या बॅटरीवाल्या काकांकडे जुनी बॅटरी घेऊन गेलो. रिकामी ठेवूनही मीटर ११.४ दाखवत होता. चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास असते. काकांनी वॉरंटी कार्डावरची तारीख बघितली.

"चौदा महिन्यात गेली? गाडी रोज चालती का?"

"रोज. म्हणजे, पावसात कमी."

"मोठी बसती का बघत होतो," मी म्हणालो.

ते हसले. "दादा, टाकी मोठी आणली म्हणून गळती थांबती व्हय? आधी कुठं गळतंय ते बघा. नवी आज देतो, पण तीही चौदा महिन्यांनी परत आणाल."

मी इंजिनिअर आहे. सर्व्हरची मेमरी भरली की मेमरी वाढवू नका, आधी लीक शोधा, हे मी ज्युनिअर पोरांना दर आठवड्याला सांगतो. तेच वाक्य मला कराडच्या बसस्टँडवर ऐकावं लागलं. नवी बॅटरी त्याच मापाची घेतली. डब्यावरची बनवल्याची तारीख काकांनी स्वतःहून दाखवली. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही आपोआप उतरत असते, म्हणून ताजी घ्यायची. जुनी त्यांनी ठेवून घेतली आणि तेवढे पैसे कमी केले.

घरी येऊन बॅटरी जोडली. काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस आधी सोडवलेला असला की प्लस खोलताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवर थोडं व्हॅसलीन लावलं, पावसात गंज धरू नये म्हणून. मग मायनसची वायर परत सोडवली, किल्ली बंद ठेवली आणि बॅटरी व वायरच्या मधे मीटर लावला. बंद गाडीत करंट जवळपास शून्य दिसायला हवा.

मीटरवर ४२ मिलिअँपिअर.

हॉर्न सोडवला, ४२. इंडिकेटरचा फ्यूज काढला, ४२. मग बॅटरीच्या प्लसलाच थेट जोडलेली एक बारीक लाल वायर दिसली. ती सोडवली आणि आकडा शून्यावर आला. वायर सीटखालून पुढे गेली होती, काळ्या टेपनं नीट गुंडाळलेली. ती टेप मीच गुंडाळली होती. टोकाला जीपीएस ट्रॅकर होता.

दोन वर्षांपूर्वी पावसात गाडी कलंडून पप्पा रस्त्याकडेला अर्धा तास एकटे पडून होते. फोनची बॅटरी संपली होती. पुढच्याच आठवड्यात मी ट्रॅकर बसवला. तेव्हापासून पप्पा कुठे आहेत ते मला पुण्यात बसून दिसायचं. एक निळा ठिपका.

४००० भागिले ४२ म्हणजे सुमारे ९५ तास. गाडी चार दिवस उभी राहिली तर ठिपका बॅटरी पूर्ण रिकामी करणार, आणि सेल्फ त्याआधीच बंद पडणार. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि गेलेला साठा पुरता परत येत नाही. १४ महिने हेच चाललं होतं. त्याआधी गेलेली मूळ बॅटरीही ट्रॅकर लागल्यावरच गेली होती, पण ती जुनी म्हणून कुणाला शंका आली नाही.

पप्पा दारात खुर्ची टाकून बघत होते. मी वायर वर धरून दाखवली.

"ह्याच्यामुळं होतंय."

"म्हाईतंय," ते म्हणाले. "मागल्या बारीला बॅटरी बसवताना मेकॅनिक म्हणालाच होता. हे डबडं काढा म्हणून."

"मग काढलं का नाही? मला सांगायचं तरी."

"तुला तिकडं झोप लागती म्हणून राहू दिलं."

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं विचारलं, "पण गाडी इतके दिवस उभी कशी राहते? रविवारी संगमावर जाता ना तुम्ही?"

"आता कुठं जातोय."

"का?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला एकेक फोन आठवायला लागला. ट्रॅकरच्या ॲपमध्ये मी एक गोल आखला होता, त्याबाहेर ठिपका गेला की मला सूचना यायची. सूचना आली की मी फोन करायचो. पप्पा, संगमावर कशाला, चिखल असेल. पप्पा, ओगलेवाडीला काय काम होतं? पप्पा, अंधार पडला, अजून बाहेरच? मला ती काळजी वाटत होती. त्यांना मित्रांसमोर मुलाला हिशेब द्यावा लागत होता. मग हळूहळू ठिपका घर आणि झेरॉक्सचं दुकान एवढ्यातच फिरायला लागला. दीड-दोन किलोमीटरचं अंतर, तेही इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट आपोआप पेटलेला. एवढ्याशा फेरीत बॅटरी भरणार किती? ट्रॅकर बॅटरी खात होता, आणि माझे फोन ती भरू देत नव्हते.

"काढू?" मी विचारलं.

"काढ. आन् तिथं मोबाइल चार्ज करायचं ते सॉकेट बसतंय का बघ."

त्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी, फोन उतरला होता म्हणून ते अर्धा तास पडून राहिले होते. त्यांना फोन चालू राहायला हवा होता. मी त्यावर ठिपका शोधला, कारण तो मला हवा होता.

संध्याकाळी सॉकेट आणून बसवलं. त्याची वायर बॅटरीला थेट न देता किल्लीतून येणाऱ्या लाइनवर घेतली, म्हणजे किल्ली बंद की सॉकेट बंद. पुन्हा मीटर लावला. शून्य. गाडी चालू करून बॅटरीवर बघितलं, १४.१. चार्जिंग व्यवस्थित. पप्पांनी बटण दाबलं आणि पहिल्या दाबात सेल्फ लागला. ते काही बोलले नाहीत, गल्लीत एक फेरी मारून आले.

पुढच्या रविवारी पुण्यात संध्याकाळी सहाला सवयीनं ॲप उघडलं. 'डिव्हाइस ऑफलाइन.' साडेसहाला फोन केला, उचलला नाही. परत करावासा वाटला. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

सव्वासातला त्यांचाच फोन आला. मागे चार-पाच म्हाताऱ्यांचा हसण्याचा आवाज होता, आणि वारा. कुठे आहात, असं मी विचारलं नाही.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं. बॅटरीचं काही बोलले नाहीत. म्हणजे ती चालू होती.