मनात शिरलेला लोटा

आमची पवनी वैनगंगेच्या काठची. १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात येथे प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले. जवळच रुयाडला आता नवा महास्तूप उभा आहे. त्यामुळे जपानी यात्रेकरू आम्हांला नवखे नाहीत. तरी परवा त्यांच्यातल्या एक वृद्ध बाई पाणी प्यायला माझ्या ओसरीवर टेकल्या, तेव्हा घरात धांदल उडालीच.

हिने ठेवणीतला पेला काढला. बाईंची नजर मात्र कोपऱ्यातल्या लोट्यावर! भंडाऱ्याचा पितळी लोटा, माझ्या आजीचा, दोन ठिकाणी पोचा आलेला. तो हातात फिरवीत त्या म्हणाल्या, "की नी इरिमाशिता."

दुभाष्या हसला. "लोटा आवडला म्हणतात. शब्दशः, मनात शिरला."

मी पडलो शाळामास्तर. लगेच फोड करून घेतली. 'की' म्हणजे चित्त, 'नी' म्हणजे आपला सप्तमीचा 'त', 'इरु' म्हणजे शिरणे. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. आपणही 'मनात भरला' म्हणतोच की! 'मला लोटा आवडला', 'मला वाटी आवडली': क्रियापद चालते ते लोट्याच्या आणि वाटीच्या तालावर. 'मला' बिचारा बाजूला उभा. आवडणे आपण करीत नाही. वस्तूच आपल्या पायांनी आत येते.

'पसंत करणे' मात्र आपण करतो. आणि आमच्या घरात पंधरा दिवस तेच चालले होते. मुलीला स्थळ आले होते. नोकरी चांगली, माणसे चांगली. मी पसंत केले, हिने केले, मुलीच्या मामाने तर आधीच केले होते. मुलगी म्हणाली होती, "तुम्हांला पसंत आहे ना, मग झालं." हा होकारच, असे आम्ही धरून चाललो.

त्या रात्री ती तोच लोटा चिंचेने घाशीत बसली होती. मी जवळ जाऊन विचारले, "बेटा, मुलगा मनात भरला का गं?"

कितीतरी वेळ ती घाशीतच राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. मामा अजून रुसलेले आहेत. भाऊबीजेला येतात की नाही, कोण जाणे! फराळाचा डबा मात्र हिने त्यांच्यासाठी आताच वेगळा काढून ठेवला आहे.