अण्णांचा इराणी

हैदराबादच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की विवेकवर्धिनी, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय, सुलतान बाजारातली खरेदी ही नावं आपसूक येतात. नाक्यावरच्या इराणी हॉटेलाबद्दल मात्र आपल्या बायका फारशा बोलत नाहीत. कारण सोपं आहे. आपण तिथे कधी बसलोच नव्हतो.

आमचं घर काचीगुड्याचं. आजोबा निजामाच्या काळात परभणीहून मीटरगेजच्या गाडीने नोकरीसाठी आले आणि स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बिऱ्हाड केलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात. आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर दखनी, ऑफिसात तेलुगू. दखनीतलं 'नक्को' हे आपलंच 'नको', त्यामुळे फार परकंही वाटलं नाही कधी.

घरापासून चार मिनिटांवर इराणी होता. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर मालक. चहाचं पाणी एका भांड्यात दमावर, दूध दुसऱ्या भांड्यात आटत असायचं, दोघांची गाठ पडायची ती कपातच. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी नऊ वाजता तिथे जायचे ते अकराला परत. सोबत तिघं मित्र ठरलेले: एक तेलुगू, एक कायस्थ, एक मुसलमान मास्तर. वन बाय टू चहा किती व्हायचे याचा हिशेब नसे. क्रिकेट, प्रमोशन, कुणाच्या मुलीचं स्थळ, सगळं त्या टेबलावर. येताना आमच्यासाठी कागदात बांधलेली उस्मानिया बिस्किटं. ती खारट-गोड चव म्हणजे आमचा रविवार.

आईचा रविवार वेगळा. नऊ ते अकरा या दोन तासांत तिची भाजी, वरण, कोशिंबीर आणि कणीक मळून तयार. अण्णा आले की गरम पोळ्या. म्हणजे ते दोन तास निवांत बसायचे, ते हिच्या दोन तासांच्या जोरावर. आता हे मला दिसतं. तेव्हा घरात कुणालाच दिसत नव्हतं, आईलाही नाही. हॉटेलात 'फॅमिली'साठी पडदा लावलेली एक जागा होती, पण आमच्याकडच्या कुणी तो पडदा बाजूला सारल्याचं आठवत नाही. आईला कुणी मनाई केली नव्हती. ती एकटी सुलतान बाजारात घासाघीस करून साड्या आणायची, ग्रंथालयातून पुस्तकं बदलून आणायची, रिक्षावाल्याशी भांडायची. पण इराण्याकडे जाऊन चहा प्यावा, हा विचारच नव्हता.

एक गोष्ट तिला कायम खटकायची. रविवारी अण्णा नीट जेवत नसत. 'भूक नाही गं, उशिरा बघू,' म्हणायचे. इतकं सगळं करून ठेवलेलं, आणि हे दीड पोळीवर उठायचे. तिने ओवा दिला, पाचक दिलं, एकदा डॉक्टरकडेही नेलं.

सहा वर्षांपूर्वी अण्णा गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. पुढच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "ह्यांचं त्या हॉटेलात काही देणं राहिलं असेल. माणूस गेल्यावर कुणाची बाकी राहू नये. चल माझ्याबरोबर."

रविवारची सकाळ होती. आत ही गर्दी! टेबलं भरलेली, वेटर बशा एकमेकांवर रचून धावतायत, भिंतीला टेकून लोक जागेची वाट बघतायत. आई पदर सावरत थेट गल्ल्यापाशी गेली. जुन्या मालकाचा मुलगा होता. त्याने ओळखलं, उभा राहिला.

"अम्मा, साब का कुछ बी बाकी नै. उनो हर इतवार को हिसाब करके जाते थे." मग त्याने एक टेबल रिकामं करवलं, आम्हाला बसवलं आणि सहज म्हणाला, "साब का डबल आमलेट रहता था, प्याज ज्यादा, मिरच कम. मेरे अब्बा के जमाने से."

आईने माझ्याकडे बघितलं. "कुणाचं आमलेट?"

आमच्या घरात अंडं येत नव्हतं. आजीच्या काळापासून नाही. आणि अण्णा वर्षानुवर्षं दर रविवारी डबल आमलेट खाऊन, तोंडात बडीशेप टाकून घरी येत होते!

आई आधी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मग चहा आला आणि ती एकदम गप्प झाली. बराच वेळ बशीकडे बघत होती. म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय घराबाहेर काढणार होते? पन्नास वर्षं संसार केला. ओवा देत राहिले मी."

तो राग खरा होता, आणि तो पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. अजूनही मधूनच म्हणते, "पोटाचं काही नव्हतंच त्यांच्या."

पण पुढच्या रविवारी तीच म्हणाली, "जायचं का?" तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी आम्ही जातो. आता तिच्या भजनी मंडळातल्या तिघीही येतात. दहाला बसायचं, बन मस्का आणि चहा, मग घरी जाऊन फक्त ताकभात. रविवारचा मोठा स्वयंपाक बंद झाला. 'शक्कर कम' असं ती दर वेळी सांगते. वेटर दर वेळी सांगतो, "अम्मा, शक्कर तो पहलेइच डाल के रहती." मग दोघांचं दखनीत एक छोटं भांडण होतं. अण्णांची दखनी तोडकीमोडकी होती, हिची फर्डी. भाजीवाल्यांशी आणि शेजारणींशी बोलून कमावलेली. मित्र नसताना.

शहरातले कितीतरी जुने इराणी बंद झाले. काही काचेची दारं लावून नवे झाले, तिथे मुली एकेकट्या तासन्‌तास बसतात, कुणी वळूनही बघत नाही. आई ते बघते आणि म्हणते, "बरं आहे." त्यापुढे काही नाही.

अण्णांचे मास्तर मित्र अजून येतात, काठी टेकत. लांबूनच सलाम करतात. मागच्या महिन्यात आईने त्यांना आमच्या टेबलावर बोलावलं आणि आमलेटबद्दल विचारलं. बिचारे इतके ओशाळले की चहा गार झाला त्यांचा. "भाभी, कसम दी थी उन्होंने," एवढंच म्हणाले.

आईने स्वतः अजून आमलेट मागवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "वास बरा येतो."

मंडळी, हैदराबाद असो, इंदूर, बडोदा किंवा बेळगाव, तुमच्या गल्लीतही असं एखादं हॉटेल असेलच. तुमची आई, आजी, आत्या तिथे कधी बसली होती का? बसली असेल तर कुणाबरोबर, आणि काय मागवलं होतं? जरूर लिहा. आईला वाचून दाखवीन.