डब्लिनचा दाखला

आमचा एक जुना मोबाईल डब्लिनला लेकीच्या कपाटात पडून आहे. तो टाकून द्यावा असे कित्येकदा मनात येते. परंतु धीर होत नाही.

2009 च्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. एके रात्री लोदहून धाकट्या बंधूंचा घरच्या फोनवर निरोप आला : आई अत्यवस्थ आहे, मिळेल त्या विमानाने निघा. लेक व जावईबापू कामानिमित्त गॉलवेला गेलेले, संगणकही त्यांच्याबरोबरच. आम्ही आमचा मोबाईल घेऊन बसलो. त्याची बॅटरी कित्येक दिवस रिती होती; ती नुकतीच भरली होती. लंडनमार्गे जागा शिल्लक दिसत होत्या. मात्र पैसे भरावयाचे पान उघडताच सूचना येई : या स्थळाचा दाखला अद्याप वैध झालेला नाही. अशी सूचना दिसल्यास कार्डाचा क्रमांक मुळीच देऊ नये, हे लेकीने आम्हांस बजावून ठेविले होते. आम्ही दिला नाही. रात्र तशीच गेली.

सकाळी जावईबापूंनी परत येऊन मोबाईल पाहिला. त्यात तारीख होती 1 जानेवारी 2000. चालू करताना त्याने तारीख विचारली होती व आम्ही न पाहताच बटण दाबले होते. आम्ही लोदला पोहोचलो तेव्हा आईचा दफनविधी आटोपला होता.

दाखल्याचे महत्त्व आपल्या लोकांस कोणी नव्याने सांगावयास नको. तुम्ही कोण, तुमच्यासाठी साक्ष कोण देतो, व त्या साक्षीदारास कोण ओळखतो, हे प्रश्न आपण पुष्कळ ऐकले आहेत. मोबाईलचेही तसेच असते. काही मूळ साक्षीदारांची यादी त्यात आधीच भरलेली असते. समोरच्या स्थळाचा दाखला त्यांपैकी कोणापर्यंत पोहोचला तरच विश्वास. शिवाय प्रत्येक दाखल्यावर दोन तारखा असतात आणि त्या मोबाईल आपल्याच घड्याळाशी ताडून पाहतो. (1999-2000 च्या सुमाराच्या मोबाईलांत तर गुप्त मजकूर फोन कंपनीच्या यंत्रात क्षणभर उघडा होई व पुन्हा कुलूपबंद होऊन पुढे जाई.)

जावईबापूंनी यादी उघडून दाखविली. तीत ‘बाल्टिमोर सायबरट्रस्ट रूट’ असे नाव होते व पुढे आयर्लंडची खूण. बाल्टिमोर ही 1976 साली डब्लिनमध्ये निघालेली कंपनी. 1998 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन व आयर्लंडचे पंतप्रधान अहर्न यांनी तिच्याच साधनांनी एका संयुक्त निवेदनावर संगणकीय सही केली. 2000 साली तिचे समभाग गगनाला भिडले आणि 2003 मध्ये दाखल्यांचा धंदा विकावा लागला. दाखला मात्र नव्या मालकांच्या हाती जगभर चालत राहिला. तो काढला होता 12 मे 2000 रोजी. म्हणजे त्या रात्री आमच्या मोबाईलच्या लेखी तो जन्मलाच नव्हता!

12 मे 2025 रोजी त्याची मुदत संपली. त्यानंतर डब्लिनला गेलो तेव्हा आम्ही तो मोबाईल चालू केला. त्याने तारीख विचारली. नातीला दोनदा विचारून आम्ही ती भरली.