छपरावर चढायला कुणी शिकवलं तुला?

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात एका काकूंनी आईला विचारलं, "मुलगा काय करतो हल्ली?" आई म्हणाली, "बिल्डिंग मेंटेनन्समध्ये आहे." मी मागेच उभा होतो. काकू गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी लोकांची छपरं साफ करतो." ती म्हणाली, "तेच सांगितलं की मी, जरा बऱ्या शब्दांत."

तर मंडळी, मी हुबळी-धारवाडमध्ये छपरं साफ करतो. कौलारू घरांची छपरं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनेल. हे काम सुरू करून दोन वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं हुबळीतल्या एका शोरूममध्ये हिशेब लिहायचो. ते बंद पडलं तेव्हा हातात थोडी शिल्लक होती आणि डोक्यात मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ. परदेशातला एक माणूस पाण्याचा जोरदार फवारा मारतो आणि काळंकुट्ट छप्पर दहा मिनिटांत लालभडक होतं. असं एकही घर आपल्याकडे असं कुणी साफ करत नाही, मग आपणच का करू नये, एवढाच माझा विचार. मुद्रा योजनेतलं पन्नास हजारांपर्यंतचं शिशू कर्ज काढलं, उद्यमची नोंदणी घरी बसून फुकटात झाली, बारा हजारांचं प्रेशर वॉशर आणि एक ॲल्युमिनियमची शिडी घेतली. धंदा सुरू करणं इतकं सोपं असतं हे पाहून मला शंका यायला हवी होती.

बाबा रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणाच्या हातात लेथ देत नसत." मी म्हटलं, "बाबा, हा झाडू मारण्याचा प्रकार आहे." ते गप्प बसले.

सुरुवात हुबळीत झाली आणि ती बरी झाली. हुबळीला धूळ आहे. सपाट गच्च्या, टाक्या आणि अलीकडे जिकडेतिकडे सोलर. पॅनेल धुताना दोन गोष्टी लवकर कळल्या. एक म्हणजे भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, काच तडकू शकते. काम पहाटे नाहीतर संध्याकाळी. दुसरी म्हणजे बोअरच्या जड पाण्याने धुतलं आणि तसंच वाळू दिलं की पांढरे डाग बसतात, ते धुळीपेक्षा वाईट. विद्यानगरातल्या एका गच्चीवर मी हे दोन्ही धडे गिरवले. नुकसान फार झालं नाही.

धारवाड मात्र वेगळं. महानगरपालिका एकच, १९६२ पासूनची. मधलं अंतर वीसेक किलोमीटर, चिगरी बसने पाऊण तास (शिडी घेऊन चढू देत नाहीत, मी विचारून पाहिलं आहे). पण धारवाड मलेनाडच्या उंबऱ्यावर बसलंय. पाऊस जास्त, झाडी जास्त, आणि मालमड्डी, साधनकेरीसारख्या जुन्या भागांत अजून कौलारू घरं तग धरून आहेत. तिथे छपराचा शत्रू धूळ नाही, शेवाळ आणि पाला आहे. दोन पाखी जिथे मिळतात तिथल्या पन्हळीत आंब्याचा पाला कुजतो, पाणी अडतं, कौलांखाली शिरतं आणि वासे आतून कुजू लागतात. खाली राहणाऱ्याला दोन-तीन वर्षं काही कळत नाही.

मालमड्डीतल्या एका आजींचं काम मला मंडळातूनच मिळालं. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. फेब्रुवारीत शिडी लावली. वॉशर सुरू केला आणि तो व्हिडिओच माझ्यासमोर घडू लागला. काळं छप्पर लाल होत होतं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी फोटो काढले. साडेतीन हजार रुपये आणि डिंकाचे चार लाडू घेऊन घरी आलो. मला वाटलं, झालं, आता मागे वळून बघायला नको.

एप्रिलमध्ये पहिला वळीव झाला. रात्री साडेदहाला आजींचा फोन. "अरे, माजघरात पाणी येतंय. जमलं तर ये." आवाज अगदी शांत. मी पोचलो तेव्हा पाच ठिकाणी बादल्या लावल्या होत्या आणि सहावी धार लोखंडी ट्रंकेवर पडत होती. त्या ट्रंकेत त्यांच्या यजमानांच्या वह्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवताना काढलेली टिपणं, शाईने लिहिलेली. झाकण नीट बसत नव्हतं. वरच्या वह्यांची शाई पसरून निळं पाणी झालं होतं.

आम्ही रात्री दोनपर्यंत पानं सुटी करून दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. आजी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी निघताना फक्त विचारलं, "छपरावर चढायला कुणी शिकवलं तुला?"

कुणीच नव्हतं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच एक मिस्त्री शोधून काढले. केलगेरीचे, सत्तरीच्या पुढचे, सगळं आयुष्य कौलं शाकारण्यात गेलेलं. ते वर चढले, दहा मिनिटं फिरले आणि मला वर बोलावलं. चाळिसेक कौलं तडकलेली. मी जिथे जिथे पाय दिला होता तिथे तिथे. "हंच अंद्र नेला अल्लो तम्मा," ते म्हणाले. कौल म्हणजे जमीन नव्हे, बाळा.

मग त्यांनी दाखवलं. मंगळुरी कौलाला मागे वरच्या टोकाला पुढे आलेलं नाक असतं, त्याच्यावर ते रिपेला अडकून राहतं. त्याचं खालचं टोक पुढच्या कौलाच्या डोक्यावर बसतं. म्हणजे जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात तिथेच खाली रीप असते आणि तिथेच पाय द्यायचा. मधोमध दिला की कौल अधांतरी असतं, ते तडकतं, आणि तडा वरून दिसतही नाही. दुसरं, हे छप्पर वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी बांधलेलं असतं. पाऊस कधी खालून वर जात नाही. माझा फवारा मात्र जात होता. त्याने कौलं हलली, जोडांत पाणी शिरलं आणि भाजलेल्या मातीचं वरचं कवचही खरवडलं गेलं. ज्याला मी स्वच्छता समजत होतो तो लाल रंग म्हणजे सोललेली कातडी होती. खरवडलेलं कौल जास्त पाणी पितं आणि त्याच्यावर शेवाळ पुन्हा लवकर धरतं. लोक थांबून बघत होते ते हे.

फुटलेल्या कौलांच्या जागी नवीन आणून बसवू म्हटलं तर तेही नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. त्याच छापाची जुनी हवीत. पाडलेल्या घरांची कौलं विकणारा एक माणूस मिस्त्रींना माहीत होता. तिथे ढिगातून एकेक उलटं करून छाप बघताना मला पहिल्यांदा त्या वस्तूकडे नीट बघावंसं वाटलं. काहींवर बासेल मिशन, मंगळूर आणि १८६५ असं कोरलेलं होतं. मी हरखलो, दीडशे वर्षांचं कौल! पण ते वर्ष त्या कौलाचं नव्हे, कारखान्याचं. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पूला, नेत्रावतीच्या काठच्या मातीवर हा कारखाना काढला. त्याच्या आधी आपल्याकडे कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल नळीची कौलं असत, माकडं नाचली की सरकणारी. एकमेकांत अडकणारं हे चपटं कौल आलं आणि इथून कोकणापर्यंत सगळीकडे पसरलं. त्याच बासेल मिशनची शाळा धारवाडात आहे, आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा तिथे शिकले असतील. छपराचा आणि शाळेचा मालक एकच होता हे मला कौल उलटं केल्यावर कळलं.

काम तीन दिवस चाललं. मिस्त्रींची मजुरी, कौलं, टेम्पो मिळून अकरा हजार गेले. साडेतीन हजारांच्या कामावर. बाबांनी पैसे पुढे केले, मी घेतले. नाही म्हणायची ऐपत नव्हती. आजी म्हणाल्या, "निम्मे मी देते, घर माझं आहे." ते मात्र मी घेतले नाहीत. वह्यांचे पैसे कुणी कुणाला द्यायचे, हा प्रश्न कुणीच काढला नाही.

पुढचे चार महिने मी मिस्त्रींचा हरकाम्या होतो. वॉशर आता फक्त फरसबंदी अंगणापुरता बाहेर निघतो. कौलांवर काम कोरडं असताना करायचं: आधी पन्हळीतला पाला हाताने, मग बांबूच्या चिपेने शेवाळाच्या गाठी, मग काथ्याचा ब्रश, वरून खाली, कधीही उलटा नाही. शेवटी ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी झारीने शिंपडून सोडून द्यायचं. उरलेलं शेवाळ वाळतं आणि पुढच्या पावसात आपोआप जातं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो संध्याकाळी खाली उभा राहून म्हणतो, "हे अजून काळंच दिसतंय की." अंगणातली तुळस झाकायची, आणि छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत जात असेल तर ते तोंड आधी बंद करायचं, दोन-तीन मोठे पाऊस वाहून जाईपर्यंत.

शिडीचा हिशेब सोपा आहे, चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. हे मी हिशेबनीस असूनही मला बाबांनी शिकवलं. शिडी धरायला तेच येतात. कमरेला दोर आणि हार्नेस बांधतो. मिस्त्रींनी जन्मात बांधला नव्हता, ते हसतात. हसू देत. ओल्या शेवाळावर एकदा पाय सरकून मी सहा फूट घसरलो आणि पन्हळीत टाच अडकली म्हणून थांबलो. त्या दिवशी हार्नेस घरी होता. आईला हे अजून सांगितलेलं नाही, आता वाचेलच.

काही कामं सोडतो. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांवर चढत नाही आणि ते घासून धुतही नाही. एक तर पाय आरपार जातो, आणि घासलं की त्यातले तंतू बाहेर पडतात, जे फुप्फुसात गेले की आयुष्यभर राहतात. एका गोदामाचं मोठं काम यामुळे गेलं. मालक म्हणाले, "दुसरा करेल." केलंही कुणीतरी. त्या मजुरांच्या तोंडाला नुसता पंचा बांधलेला होता. मी रस्त्यावरून बघत गेलो आणि काही बोललो नाही. हे मला अजून डाचतं.

पैसा? शोरूमच्या पगाराइतका सगळ्या महिन्यांत मिळत नाही. फेब्रुवारी ते मे कौलांचे महिने, पावसाळ्यात फक्त आतून गळती शोधायची, दसऱ्यानंतर टाक्या आणि सोलर. कर्जाचे हप्ते संपत आले आहेत. एक मदतनीस ठेवलाय, पण पहिले दोन महिने त्याला शिडी धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही. तो वैतागला होता.

गेल्या मे महिन्यात आजींचा फोन आला. "रोहिणी लागायच्या आत येऊन जा. आणि हे बघ, ते मशीन आणू नकोस." मिस्त्रींचे गुडघे आता वर चढू देत नाहीत. त्यांना मी रिक्षाने घेऊन गेलो. आजींनी अंगणात खुर्ची टाकली, चहा दिला. मी पाख्यावर पहिला पाय ठेवला तेव्हा खालून आवाज आला, "निधान, तम्मा, निधान." त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर आजी एक वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पसरलेल्या निळ्या शाईतून लागेल तेवढं वाचून त्या दुसऱ्या वहीत उतरवत होत्या. सदतिसावं पान चाललंय, त्या म्हणाल्या.